मॉडेल तुमचं, भाव त्यांचा

सट्ट्याचं समर्थन आता नव्या भाषेत होऊ लागलं आहे. मटक्यात ओपन-क्लोजचा आकडा लावणारा माणूस स्वप्नात काय दिसलं ते सांगायचा, कुणा बाबाचा हवाला द्यायचा. वाशीम, रिसोड, कारंजा इथल्या अभ्यासिकांत बसणारा, संगणक किंवा संख्याशास्त्र शिकलेला तरुण आज स्वतः लिहिलेलं मॉडेल दाखवतो. तो म्हणतो, सामना कोण जिंकणार यावर मी पैसे लावतच नाही. एका फलंदाजाच्या धावा किती होतील, एक गोलंदाज किती बळी घेईल, एवढाच प्रश्न मी निवडतो. क्रिकशीट या संकेतस्थळावर चेंडूगणिक नोंदी फुकट मिळतात, त्यांवरून शक्यता काढतो आणि बुकीचा भाव चुकलेला दिसला तरच लावतो. एका पैजेवर भांडवलाचा एखाद-दुसरा टक्काच घालतो, प्रत्येक पैज वहीत लिहितो, हरल्यावर दुप्पट करत नाही. हा जुगार कसा? हा तर अभ्यास आहे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो करणारे पोट्टे हुशार आहेत आणि त्यांच्या बोलण्यातला गणिताचा भाग बराचसा बरोबर आहे. म्हणूनच त्याला गणितानेच उत्तर दिलं पाहिजे. 'जुगार वाईट' एवढं सांगून कीर्तनकाराचं काम भागतं. ज्याने शक्यता मोजायला शिकून घेतलं आहे, त्याला त्याचा हिशेब नेमका कुठे तुटतो ते दाखवावं लागतं.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. परदेशात ज्याला 'प्लेअर प्रॉप' म्हणतात, त्याला आपल्याकडच्या आयडीवर, म्हणजे बुकीने उघडून दिलेल्या ऑनलाइन खात्यावर, 'फॅन्सी' म्हणतात. सहा षटकांत किती धावा होतील याचं सेशन असतं, तसाच एका खेळाडूच्या धावांचा भाव निघतो. समजा 'नाही २०, हो २२' असा भाव आहे. फलंदाज १९ किंवा त्याहून कमी धावांवर थांबला तर 'नाही' लावणारा जिंकतो, २२ किंवा अधिक झाल्या तर 'हो' लावणारा जिंकतो. २० किंवा २१ झाल्या तर दोघेही हरतात. पैसे बरोबरीने, शंभराला शंभर. बुकीची कमाई मधल्या त्या दोन धावांत असते.

आता सरासरी ३० असलेला फलंदाज घ्या. फलंदाजाच्या धावा सरासरीभोवती समान पसरत नाहीत. शून्य ते दहा पुष्कळदा होतात आणि शतक क्वचित होतं, म्हणून निम्म्या डावांत तो २१ च्या आतच बाद होतो. ढोबळ गणिताने त्याच्या २२ किंवा जास्त धावा होण्याची शक्यता शंभरात ४८-४९ येते, १९ किंवा कमी होण्याची ४८, आणि दोघांनाही बुडवणाऱ्या मधल्या दोन धावांची सुमारे ३. तेव्हा बुकीने २०-२२ चा भाव काढला असेल, तर सरासरी ३० असूनही एवढा खालचा आकडा कसा, म्हणून तो चुकला असं समजू नका. त्याने सरासरीच्या जागी मध्यक, म्हणजे निम्मे डाव ज्याच्या खाली राहतात तो आकडा, बघितला आहे. नवशिक्यांचे पैसे पहिले जातात ते इथेच. मॉडेलवाला म्हणेल, हे मला माहीत आहे. मान्य. पुढे जाऊ.

ही ३० ची सरासरी तुम्हाला कळते कुठून? आयपीएलमध्ये साखळीत एका संघाचे १४ सामने होतात. धावांच्या अशा असमान वाटपात डावागणिक चढउतार सरासरीइतकाच मोठा असतो. त्यामुळे १४ डावांवरून काढलेल्या सरासरीत आठ धावांची चूक सहज शक्य आहे. खरा आकडा ३० असताना तुमच्या मॉडेलने ३८ दाखवला, तर त्यात मॉडेलचा दोष नाही, नमुनाच तोकडा आहे. पण ३८ धरून हिशेब केलात की २२ च्या वर जाण्याची शक्यता शंभरात ५६-५७ दिसू लागते. कागदावर शंभराला तेरा रुपयांचा फायदा तयार होतो आणि प्रत्यक्षात तो कुठेही नसतो. पाच हंगामांचे ७० डाव घेतलेत तर चूक साडेतीन धावांवर येते, तरी तेवढ्या चुकीनेही ४८ चे ५२ दिसतात. शिवाय पाच वर्षांपूर्वीचा तो फलंदाज आज दुसऱ्या संघात असतो, दुसऱ्या क्रमांकावर खेळतो, त्याचा गुडघाही दुखावलेला असतो. २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आहे. तो माणूस आज फलंदाजीला येणार की बाकावर बसणार, हेसुद्धा नाणेफेकीनंतर ठरतं.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे, आणि शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. तुम्ही प्रत्येक खेळाडूवर पैसे लावत नाही. जिथे मॉडेलचा आकडा बाजाराच्या भावापासून जास्त लांब असतो, तिथेच लावता. पण लांब असण्याची कारणं दोनच असतात. एक तर बाजार चुकला, नाहीतर तुम्ही चुकलात. बाजारात शेकडो लोकांचे पैसे आणि मैदानावरच्या बातम्या आधीच मुरलेल्या असतात, तुमच्याकडे १४ डाव असतात. सर्वांत मोठा फायदा दिसणाऱ्या पैजा वेचून काढणं म्हणजे स्वतःच्या सर्वांत मोठ्या चुका वेचून काढणं. बेल लॅब्जच्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र ही मंडळी भक्तिभावाने वापरतात. फायदा जितका मोठा, तितकी पैज मोठी. बरोबरीच्या भावात ५६.५ टक्क्यांना ते भांडवलाचे १३ टक्के लावायला सांगतं. तुम्ही सावधपणे त्याचा पाव हिस्सा लावाल, तीन टक्के. पण खरी शक्यता ४८.६ असेल तर योग्य पैज शून्य आहे. सूत्राला तुमची चूक कळत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्याशी ते एकनिष्ठ राहतं आणि शिस्तीने तोटा करून देतं.

तरीही उदार होऊ. समजा तुमचं मॉडेल खरोखर चांगलं आहे आणि शंभरात ५३ पैजा जिंकून देतं. एका लाखाचं भांडवल, प्रत्येक पैज हजाराची. ७४ सामन्यांच्या हंगामात सामन्यागणिक दोन, अशा १४८ पैजा. सरासरीने हाती येतील ८,८८० रुपये. चढउतार मात्र १२,००० चा. म्हणजे इतकं चांगलं मॉडेल असूनही चारांतला जवळजवळ एक हंगाम तोट्यात जाणार. आणि ५३ टक्के ही तुमची कुवत आहे की नशीब, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला लागतील सुमारे ११०० पैजा, म्हणजे सातहून अधिक हंगाम. तोपर्यंत तुमची वही तुम्हाला काहीच सांगत नाही. एका हंगामाच्या नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवून टेलिग्रामवर शिष्य जमवणाऱ्यांना हे माहीत असतं, किंवा माहीत असायला हवं.

हाँगकाँग गाजवलेल्या बिल बेंटर यांचं नाव अशा वेळी हमखास पुढे येतं. घोड्यांच्या शर्यतींवर मॉडेल चालवून त्यांनी अफाट पैसा मिळवला हे खरं आहे. पण तिथली शर्यत जॉकी क्लबची, कायदेशीर. सगळ्यांचे पैसे एका निधीत जातात, क्लब आपला हिस्सा कापतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. कोण जिंकलं याने क्लबला फरक पडत नाही, म्हणून जिंकणाऱ्याला हाकलण्यात त्याचा थेट फायदा नसतो. घोडे ठरावीक, धावपट्ट्या ठरावीक, शर्यती वर्षातले बहुतेक महिने. आणि बेंटर यांनी १९९४ च्या आपल्या निबंधात स्पष्ट लिहिलं आहे की आपल्या मॉडेलचा अंदाज लोकांच्या भावांशी जोडल्यावरच तो कामाचा ठरला. त्यांचं उदाहरण देणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

फॅन्सीत समोर निधी नसतो, समोर माणूस असतो आणि तुमची जीत म्हणजे त्याच्या खिशातली हानी. इंग्लंड-अमेरिकेतल्या परवानाधारक कंपन्यासुद्धा सतत जिंकणाऱ्याची पैज किरकोळ रकमेवर आणून ठेवतात, आणि खेळाडूंच्या पैजांवर तर मर्यादा आधीच लहान असतात. आपल्याकडे काय होतं? महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या तपासात ईडीने सांगितलेली रचना पाहा. गावोगाव 'पॅनल' वाटलेले, नफ्याची वाटणी ७०-३०. तुम्हाला व्हॉट्सॲपवर आयडी देणारा ओळखीचा माणूस तुमच्या हरण्यातला वाटेकरी असतो. तुम्ही महिनाभर जिंकत राहिलात तर त्याने तुम्हाला का ठेवून घ्यावं? आयडी बंद होतो, शिल्लक गोठते, वळणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या, दिवशी फोन लागत नाही. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप आणि संकेतस्थळं बंद केली. त्यांत ज्यांची शिल्लक होती त्यांनी दाद कुठे मागायची? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे, जिंकलेल्या पैशासाठी दावाच करता येत नाही. हरलात तर वसुलीला मात्र माणूस घरी येतो, त्याला कलम लागत नाही.

विदर्भातलंच प्रकरण आठवा. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका बुकीच्या घरावर छापा घातला. कोट्यवधींची रोकड, सोनं, चांदी सापडली. तक्रारदार नागपूरचा एक व्यापारी होता, आणि ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर आपली सुमारे ५८ कोटींची फसवणूक झाली असं त्याचं म्हणणं होतं. आधी जिंकू दिलं, मग ॲपच फिरवलं, असा आरोप झाला. खेळाचे नियम आणि पडद्यावरचे आकडे दोन्ही ज्याच्या हातात आहेत, त्याच्याविरुद्ध कोणतं मॉडेल उभं राहणार? शक्यतेचं गणित फासा खरा आहे असं गृहीत धरतं.

फासा खरा आहे का, हा प्रश्न खेळाडूच्या पैजेत सर्वांत जास्त टोचतो. सामना विकायचा तर सहसा अकरांतले अनेक जण फोडावे लागतात. एका षटकातल्या धावा विकायला एक माणूस पुरतो. लॉर्ड्सवर २०१० मध्ये पाकिस्तानच्या गोलंदाजांनी टाकलेले नो-बॉल जगाने पाहिले, पुढच्या वर्षी त्या संघातले तिघे तुरुंगात गेले. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधल्या राजस्थान संघाच्या तीन खेळाडूंना मुंबईत पकडलं तेही एकेका षटकात ठरवून धावा दिल्याच्या आरोपावरून. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं हेही सांगितलं पाहिजे, पण क्रिकेट मंडळाने बंदी घातलीच. अमेरिकेत तर हे सगळं कायदेशीर बाजारात, परवानाधारक कंपन्यांच्या डोळ्यांदेखत झालं. टोरंटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाचा जाँते पोर्टर मार्च २०२४ मध्ये एका सामन्यात तीन मिनिटं खेळून आजारी असल्याचं सांगत बाहेर पडला. त्याचे आकडे कमी भरतील यावर कुणी ८०,००० डॉलर लावले होते, जिंकले असते तर अकरा लाख मिळाले असते. एनबीएने एप्रिलमध्ये त्याला कायमचं बाहेर काढलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन बेसबॉल गोलंदाजांवर ठरवून चेंडू टाकल्याचा आरोप ठेवला गेला आणि एका चेंडूवरच्या पैजेची मर्यादा लगेच २०० डॉलरवर आणावी लागली. पोर्टरच्या त्या रात्री ज्यांच्या मॉडेलने त्याच्या मागच्या सामन्यांवरून 'हो' सांगितलं असेल, त्यांचं गणित चुकलं नव्हतं. त्यांचे पैसे मात्र गेलेच.

यावरून सट्टा कायदेशीर करण्याच्या मागणीचंही उत्तर मिळतं. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करावा अशी शिफारस केली, विधी आयोगाच्या जुलै २०१८ च्या २७६ व्या अहवालाने आधार-पॅन जोडून नियमन सुचवलं. त्या शिफारशींमागचे हेतू मी नाकारत नाही. परवाना आला तर शिल्लक बुडणार नाही, वसुलीवाला दारात येणार नाही, हे खरे फायदे आहेत. पण परवान्याने १४ डावांचे १४०० होत नाहीत आणि एकट्या खेळाडूला फोडणं महागही होत नाही. देशाने मात्र उलटी वाट धरली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मुंबईत वाढलेल्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कौशल्य की नशीब हा १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून चालत आलेला वाद या कायद्यापुरता बाजूला पडला. 'आमचं मॉडेल म्हणजे कौशल्य' या वाक्याला आज ऑनलाइन सट्ट्यात कायद्याचाही आधार उरलेला नाही.

शेअर बाजाराशी तुलना होते तिथे एवढंच सांगतो की सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे-पर्यायांत उतरणाऱ्या व्यक्तींचा हिशेब मांडला. तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. जिथे भाव उघड आहेत, नियामक आहे आणि सौदा पुरा होण्याची हमी आहे, तिथली ही गत. फॅन्सीचा हिशेब मांडणारं कुणीही नाही.

शेवटी आपल्या भागातला युक्तिवाद. तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त दुखवतो: 'शेतीसुद्धा जुगारच आहे, मग सट्ट्याने काय बिघडलं?' पाण्याच्या भरवशावर सोयाबीन पेरणाऱ्या बापाचा पोरगा हे बोलतो तेव्हा त्यामागे खरी वेदना असते. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांची नावं होती त्यांत वाशीम होता. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आहे. तरीही हा युक्तिवाद चूक आहे. शेतकऱ्याची जोखीम सट्टा असो-नसो अस्तित्वात असते, कुणाला तरी ती उचलावीच लागते, आणि ती उचलल्यावर बाजार समितीत पोतं येतं. फॅन्सीतली जोखीम पैज लावेपर्यंत जगात नसतेच. मुंबईत आकड्याचा धंदा न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर सुरू झाला आणि पुढे त्याचा मटका झाला. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला त्यातून एक पैशाचाही आधार मिळाला नाही. पिकाचा भाव कुणीतरी आकडा म्हणून वापरला, इतकंच.

आणि ते भांडवल येतं कुठून तेही बोलू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. वर हिशेबात सहज धरलेला एक लाख म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी जवळजवळ १९ क्विंटल. बरं पिकलं तर एकरी सात-आठ क्विंटल धरा, म्हणजे अडीच एकरांचं अख्खं पीक, त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा न करता. 'बुडाले तरी चालतील एवढेच पैसे लावा' हा शिस्तीचा पहिला नियम इंग्रजी पुस्तकांत छान वाचायला मिळतो. पीककर्जावर चालणाऱ्या घरात असे पैसे नसतात. तिथे बुडालेली रक्कम पुढच्या जूनमध्ये सावकाराकडून परत आणावी लागते.

हे सगळं लिहिण्यामागचं खरं कारण हे आहे की असमान वाटप, तोकडा नमुना, शक्यतेचा हिशेब ही हत्यारं ज्यांच्या हातात आली आहेत असे तरुण जिल्ह्यात मोजके आहेत, आणि त्यांच्या रात्री कुणाच्या तरी २२ धावांवर जात आहेत. महसूल मंडळ पातळीवर महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं पावसाची नोंद करतात. कारंजा आणि वाशीमच्या बाजार समित्यांत रोजची आवक आणि भाव लिहिले जातात. या नोंदींतही तीच अडचण आहे, वर्षं थोडी आणि चढउतार मोठा, पण इथे समोर तुमचा आयडी बंद करणारा कुणी नाही आणि पाऊस विकत घेता येत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं तर पुढचे २० दिवस कोरडे जाण्याची शक्यता किती, आणि आठ दिवस थांबून पेरलं तर ती किती उतरते? मंडळागणिक हा आकडा कुठवर भरवशाचा आणि कुठून पुढे नुसता अंदाज? दिवाळीच्या गर्दीत विकलेल्या आणि फेब्रुवारीपर्यंत ठेवलेल्या सोयाबीनच्या भावातला फरक गोदामाचं भाडं, वजनातली तूट आणि कर्जाचं व्याज भरून काढतो का, आणि दहांतल्या किती वर्षांत? दुबार पेरणीची वेळ आलेल्या माणसाला मे महिन्यात हे कुणी सांगितलेलं नसतं.